दर्शन आणि प्रदर्शन

चौकटीत बसविली की साधी वस्तूही शोभू लागते, हा अनुभव कुणाला नाही? भिंतीवरचा आजोबांचा फोटो घ्या. आजोबा प्रत्यक्षात कसे दिसत, कसे बोलत, हे सांगणारे आता घरात कुणी उरलेले नसते, पण काळ्या लाकडी चौकटीत, काचेमागे ते असे काही बसलेले असतात, की पाहुण्याने आपण होऊन विचारावे, "हे कोण?" ज्या बांधावरून आपण रोज मान खाली घालून जातो, तोच बांध आगगाडीच्या खिडकीत आला की त्याचे चित्र होते. सोनाराच्या काचेच्या कपाटात ठुशी जितकी झळकते तितकी ती घरच्या आरशात झळकत नाही, अशी आमच्या घरातील जाणकार मंडळींची जुनी तक्रार आहे. चौकट, काच आणि उजेड या तिघांचे संगनमत झाले, की माणसाचे डोळे त्यांच्या मुठीत सापडतात.

प्राणिसंग्रहालयांतील बंदिस्त दालनांचे सारे रहस्य या त्रिकुटात आहे. डोक्यावर छप्पर, तीन बाजूंना भिंती, समोर काच आणि आत एखादा वाघ, अस्वल, साळिंदर किंवा उदमांजर. दिवाळीच्या सुटीत फराळाचे डबे पिशवीत घालून आपण मुलाबाळांसह ज्या काचांपुढे गर्दी करतो, त्या काचा. त्या पाहताना मुले खूश होतात, आपणही होतो. या खुशीत खोटे काही नाही. पण ती तयार कशी केली जाते आणि तिची किंमत कोण देतो, हे एकदा निवांतपणे पाहण्याजोगे आहे.

पूर्वीचा पिंजरा निदान प्रामाणिक होता. लोखंडी गज, सिमेंटची जमीन, कोपऱ्यात पाण्याचे टाके. युरोपातल्या थंडीत हत्ती, जिराफ, सिंह यांना हिवाळाभर घरात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून तिकडे मोठमोठी प्राणिगृहे उठली. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ सालचे. त्या काळी प्राणी दिसला म्हणजे झाले, तो कसा दिसतो याचा विचार फारसा नव्हता. पुढे कार्ल हागेनबेक नावाच्या जनावरांच्या एका जर्मन व्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ आपली बाग उघडली. तिच्यात गज काढून त्यांच्या जागी खोल खंदक खणले आणि ते प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवले. लोकांना वाटले, सिंह मोकळा आहे! सिंह काही मोकळा नव्हता. त्याचा तुरुंग तेवढा अदृश्य झाला होता. प्राण्यांच्या प्रदर्शनातील सौंदर्यदृष्टी जन्माला आली ती अशी. मग जाड, न फुटणारी काच आली आणि खंदकाचीही गरज उरली नाही. आता वाघाच्या नाकापासून तुमच्या नाकापर्यंत वीतभर अंतर, आणि तरी तुमच्या हातातली शेव सुरक्षित.

या काचेमागची कारागिरी मात्र वाखाणण्यासारखी आहे. प्रेक्षक उभे राहतात ती बाजू मुद्दाम अंधारी आणि प्राण्याची बाजू उजेडाची ठेवतात. तसे केले नाही तर काचेत वाघाऐवजी आपलेच तोंड दिसते. पुष्कळदा काच किंचित कलती बसवितात, तीही याच प्रतिबिंबाच्या भयाने. मागची भिंत रंगवून तिच्यावर लांबचे डोंगर काढतात, कोपरे गोल करतात, म्हणजे भिंत कुठे संपली हे डोळ्याला कळत नाही. रखवालदाराचे दार सिमेंटच्या खडकात लपविलेले असते. आतली जमीन थोडी उंच ठेवतात. प्राणी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर असला की तो भव्य वाटतो, खाली खड्ड्यात असला की केविलवाणा वाटतो. आणि सर्वांत मोठी युक्ती पुढेच. थंड देशांत काचेलगतच्या खडकाखाली ऊब देणाऱ्या तारा घालतात. वाघ आपला थंडीने कंटाळून त्या गरम दगडावर येऊन पहुडतो आणि बाहेर लोक म्हणतात, "बघा, कसा आपल्याजवळ येऊन बसला!"

हे वाचताना आमच्या झाडीपट्टीतल्या वाचकांना नाटकाचा पडदा आठवला असेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखात दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली, की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. मांडवात जंगलाचा पडदा लागतो. हिरवीगार झाडे, निळा धबधबा, एखादे हरीण. मौज अशी, की त्या पडद्याच्या मागे दोन हाकांच्या अंतरावर खरे जंगल असते, आणि नाटक पाहून परतणारी मंडळी हातात टॉर्च घेऊन, घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत त्यातूनच घरी जातात. पडद्यावरचे जंगल पाहायचे असते, खऱ्यातून जपून जायचे असते. प्राण्याचे काचेचे दालन हे या नाटकाच्या मांडवाचेच भावंड आहे. फरक एवढाच, की नट तोंडाचा रंग पुसून रंगपटात विडी ओढायला जाऊ शकतो. काचेमागच्या नटाला पुष्कळ ठिकाणी रंगपटच दिलेला नसतो. त्याने सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत रंगमंचावरच राहायचे.

रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांची तर आणखी गंमत. सस्तन प्राण्यांपैकी कितीतरी जण दिवसा झोपणारे. साळिंदर, उदमांजर, खवल्या मांजर, वटवाघूळ ही आमच्या भागातली मंडळी संध्याकाळ झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकीत नाहीत. प्राणिसंग्रहालय दिवसा उघडे. मग करायचे काय? तर दिवसाची रात्र करायची! प्रेक्षक घरी गेले की दालनात लख्ख दिवे लावायचे. प्राणी समजतात, उजाडले, झोपा आता. सकाळी दारे उघडण्याच्या सुमारास दिवे मंद करायचे, निळा किंवा तांबडा उजेड ठेवायचा. प्राणी उठून कामाला लागतात. माणूस आणि माकडांची जात सोडली तर बहुतेक सस्तन प्राण्यांना तांबडा रंग वेगळा असा ओळखता येत नाही, या गोष्टीचा हा फायदा. लंडनमध्ये १९६७ साली सस्तन प्राण्यांच्या नव्या दालनाच्या तळघरात अशी उलटी रात्र थाटण्यात आली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स येथे १९६९ साली सबंध इमारतच अंधाराची उभी राहिली. नीट चालविलेले असे दालन मला कमी आक्षेपार्ह वाटते. साळिंदर त्यात आपल्या स्वभावाप्रमाणे जागे असते, खुडबुड करते, मुळे कुरतडते, आणि बघ्यांना अंधारात गप्प उभे राहावे लागते. मोठ्या वाघाला जी जागा तुरुंग वाटावी, ती छोट्या प्राण्याला घर होऊ शकते. छपराखालची सारी दालने एका मापाने मोजण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही. आहे तो उन्हाचा. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. मे महिन्यात दोन्हीकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळत असतो. नागपूरचा महाराजबाग मूळचा भोसल्यांचा. आज तो पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे उन्हाळा आला की वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या आणि कूलर लावतात, आणि दर वर्षी वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. वैदर्भी माणूस ती पाहून हसतो. पण त्या हसण्यात आपुलकी असते. कूलरपुढे डोळे मिटून पडलेला वाघ आणि दुपारी जेवून कूलरपुढे पडलेले आपले काका, यांत फार अंतर आहे असे त्याला वाटत नाही! मुंबईच्या राणीबागेत याच्या उलट प्रकार. १८६२ साली उघडलेल्या या बागेत २०१६ मध्ये हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आले. ते पक्षी, पण त्यांच्यासाठी केलेल्या थंडगार काचेच्या दालनाने मुंबईकरांच्या डोळ्यांना नवी चटक लावली. पुढे वाघ-बिबटेही गजांमधून नव्हे, तर काचेतून दिसू लागले. आणि आता, 'आमच्याकडेही काच हवी' ही मागणी गावोगाव ऐकू येते.

नागपुरात काचेमागचे आणखी एक दालन आहे. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय. लोकांच्या तोंडी 'अजब बंगला'. तिथली पेंढा भरलेली जनावरे पाहत आमच्या भागातील कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. केवळ दिसण्याचाच विचार केला, तर प्रदर्शनाला याहून सोयीचे जनावर नाही. ते कधी झोपत नाही, दडत नाही, तुमच्याकडे पाठ करीत नाही. आणि नेमके तेवढ्यामुळेच ते मेलेले आहे हे लहान मुलालाही कळते. पाठ फिरविता येणे, नको तेव्हा न दिसणे, ही जिवंतपणाची खूण आहे. मग जिवंत वाघाच्या काचेपुढे उभे राहून, "हा इकडे तोंड का करीत नाही?" म्हणून आपण चिडतो, तेव्हा आपल्याला नक्की काय हवे असते? जिवंत वाघ, की हलणारा पेंढा?

वाघाच्या अंगावरचे पट्टे पाहा. सोन्यासारख्या पिवळ्या-तांबूस रंगावर काळ्या शाईचे फराटे. आपण म्हणतो, काय देखणे जनावर! पण हे पट्टे दिसण्यासाठी नाहीत. ते न दिसण्यासाठी आहेत. उंच वाळलेल्या गवतात, ऊनसावलीत, ते पट्टे वाघाला पुसून टाकतात. ज्या हरणाला तो धरणार, त्याला तांबडा रंग वेगळा दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांना वाघाचे अंग गवताच्याच रंगाचे. ज्याला आपण सौंदर्य म्हणतो ते लपण्याचे कसब आहे. आणि आपण काय करतो? त्याला अशा ठिकाणी उभे करतो, की जिथे लपताच येऊ नये, आणि मग त्याच्या रूपाची वाहवा करतो. एखाद्या गवयाला तोंडाला पट्टी बांधून बसवावे आणि त्याच्या अंगरख्याची तारीफ करावी, तसा हा प्रकार आहे.

डोळ्यांचे लाड कुठवर जातात याचा कळस म्हणजे पांढरा वाघ. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात तो वाढला. पांढरी संतती व्हावी म्हणून पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी, राधाशी, संयोग घडविण्यात आला, आणि १९५८ साली चार पांढरी पिले जन्मली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतून त्यांच्या वंशजांनी गर्दी खेचली. काचेमागे पांढऱ्या वाघाइतके उठून दिसणारे दुसरे जनावर नाही, हे खरेच. पण जवळच्या नात्यांतल्या या पैदाशीने अनेकांच्या वाट्याला व्यंगे आली. आणि ज्या जनुकाने त्यांना ते रूप दिले, त्यानेच पुष्कळांचे डोळे तिरळे केले. आपल्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून त्यांचे डोळे बिघडले, असे म्हटले तर अलंकार होतो. पण तो अलंकार नाही, वस्तुस्थिती आहे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना अशी पैदास बंद करायला सांगितले.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाची सहल एका मोठ्या शहरात गेली होती. तिथल्या प्राणिसंग्रहालयात वाघाचे नवे दालन झालेले. काच, धबधबा, सारा थाट. मुले काचेपुढे दाटीवाटीने उभी. कुणी हात हलवीत होता, कुणी काचेवर टिचक्या मारीत होता, आणि वाघ धबधब्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून धबधब्यापर्यंत येरझारा घालीत होता. बारा पावले तिकडे, बारा पावले इकडे. वळताना दर वेळी त्याचे डोके त्याच जागी, त्याच बाजूला वळे. मुले म्हणत, "सर, बघा, किती ऐटीत चालतो!" कोक्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातील मुलगी तेवढी मागे उभी होती. एरवी वर्गात न बोलणारी. मी विचारले, "काय ग, दिसत नाही का तिथून?" ती हळूच म्हणाली,

"दिसते जी सर. पण याले लपाले जागाच नाही."

तिच्या गावात वाघाने गुरे नेलेली होती. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला आई पहाटे रानात गेली, की ती परत येईपर्यंत घरातल्यांचा जीव थाऱ्यावर नसे. वाघाचे कौतुक करावे असे तिला काही कारण नव्हते. पण वाघ म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. तो दिसतो त्याहून कितीतरी अधिक वेळा तो दिसत नाही. पायवाटेवर पंजा असतो, रात्री भेकराचे भुंकणे असते, वाघ नसतो. दिवसभर दिसत राहणारा वाघ तिने प्रथमच पाहिला, आणि त्यात काहीतरी चुकले आहे हे तिला पाहताक्षणी कळले.

तिने एका वाक्यात जे सांगितले, ते शास्त्रज्ञांनी पुष्कळ खटपटीने सिद्ध केले आहे. स्वित्झर्लंडमधील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हेडिगर यांनी १९४२ सालीच ग्रंथ लिहून बजावले होते, की पिंजरा किती मोठा यापेक्षा तो कसा आहे याला महत्त्व. आणि माणसाच्या नजरेपासून दूर होण्याची सोय प्राण्याला असलीच पाहिजे. १९९३ साली अमेरिकेत वाघाटी जातीच्या रानमांजरांवर प्रयोग झाला. त्यांच्या ओक्याबोक्या पिंजऱ्यांत फांद्या आणि दडायला आडोसे दिले, तेव्हा त्यांच्या शरीरातील ताण दाखविणारे द्रव्य कमी झाले आणि येरझाराही कमी झाल्या. २००३ साली ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी दाखवून दिले, की ज्या मांसभक्षक प्राण्यांचा रानातील वावर जितका लांबवर, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझारा अधिक आणि तितकी त्यांची पिले अधिक दगावतात. ज्याला आपली मुले ऐट समजली, ते दुखणे होते.

यावर प्राणिसंग्रहालयाचे अधिकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. "गुरुजी, आडोसे केले तर वाघ आडोशाला जाईल. तिकीट काढून आलेल्या माणसाला झुडूप दाखवायचे का?" ही अडचण खरी आहे. कर्मचाऱ्यांचा पगार, वाघाचे मांस, डॉक्टर, औषधे हे सारे शेवटी आपल्या डोळ्यांच्या हौसेवरच काही अंशी चालते. शिवाय हे प्राणी सगळेच हौसेसाठी पकडून आणलेले नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या तुमसर भागातून २०१७ साली धरलेला राजकुमार नावाचा वाघ गोरेवाड्याला नेण्यात आला, आणि २०२१ च्या जानेवारीत तिथली सफारी उघडली तेव्हा तो त्या उघड्या रानात सोडण्यात आला. जखमी बिबटे, विहिरीत पडलेली अस्वले, आईवेगळी पिले यांना कुठेतरी ठेवावेच लागते. गावाच्या वेशीवर आलेल्या वाघाला धरू नका, असे त्या मुलीच्या आईला सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्याला नाही. तेव्हा प्राणी छपराखाली असावेत की नसावेत हा माझा वाद नाही. ते तिथे असणारच असतील, तर त्यांना दडण्याची सवलत असावी, आणि आपल्याला थांबण्याची सवय असावी, एवढेच म्हणणे आहे.

ही सवय आमच्या भागातले जंगल लावते. नागझिऱ्याला पिटेझरीच्या फाटकातून आत जा. हे अभयारण्य १९७० सालचे. १९९९ पर्यंत आमच्या जिल्ह्यात, आता बरेचसे गोंदियात. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्लींनी या मुलखात वनाधिकारी म्हणून वर्षे काढली. या दोघांनी मराठी माणसाला जंगल पाहायला शिकविले, आणि शिकविले ते मुख्यतः गप्प बसायला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद करण्याची पद्धत आहे. एका वर्षी मीही कोक्याला बसलो होतो. संध्याकाळी चढायचे, सकाळी उतरायचे. बोलायचे नाही, खोकलायचे नाही, उतरायचे तर मुळीच नाही. चौफेर फांद्यांचा आडोसा आणि त्यात एक भोक. मध्यरात्री माझ्या ध्यानात आले, की पिंजऱ्यात तर आपणच आहोत! एकटेच, अंगाखाली बांबू, समोर चौकट. आणि बाहेर चांदण्यात सारे मोकळे. त्या रात्री दोन सांबरे आली, रानडुकरांचा एक कळप आला, आणि पहाटे एक अस्वल आले, पाणी प्यायले आणि अंधारात मिसळून गेले. एखादे मिनिट. वाघ आला नाही. पण ते मिनिट मला अजून जसेच्या तसे दिसते. काचेपुढे काढलेल्या तासांतले किती दिसते?

आपल्या भाषेत या दोन अनुभवांना दोन निराळे शब्द आहेत. जंगलातून परतलेल्या माणसाला आमच्याकडे विचारतात, "वाघाचे दर्शन झाले का?" देवाचे व्हावे तसे दर्शन. ते होते, आपण ते करून घेऊ शकत नाही. रांगेत उभे राहायचे, दार उघडेल तेव्हा उघडेल. दालनात असते ते प्रदर्शन. मागे एक 'प्र' लागला की देणारा बदलतो. दर्शन देणारा वाघ. प्रदर्शन भरविणारे आपण. व्याकरणात हा उपसर्ग छोटासा आहे, वाघाच्या आयुष्यात फार मोठा.

दुर्दैव असे, की हा 'प्र' आता जंगलातही शिरू लागला आहे. २०२४ सालच्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये कोंडले गेले. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि प्रत्येक गाडीतून छायाचित्रे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली, आणि गाडीवाले, वाटाडे यांच्यावर कारवाईही झाली. पण त्यांना घाई कुणासाठी होती? आपल्यासाठीच. काचेपुढे लागलेली सवय आपण रानात घेऊन गेलो. तिथे काच नव्हती. म्हणून आपण गाड्यांची केली.

तेव्हा या सुटीत मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जाल, अवश्य जा, तर एवढे करून पाहा. सगळी दालने संपवायची नाहीत, दोन किंवा तीनच पाहायची. एकेका काचेपुढे घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहायचे, टिचकी न मारता. आधी प्राणी शोधायचा नाही. त्याचा आडोसा शोधायचा. तो कुठे झोपतो, कुठे चढतो, आपल्याकडे पाठ करायची झाली तर कुठे जातो, हे मुलांना हुडकायला सांगायचे. असा आडोसा सापडला आणि त्यामुळे वाघ दिसलाच नाही, तर तक्रारवहीत तक्रार लिहू नका. दोन शब्द कौतुकाचे लिहा. चार माणसांनी तसे लिहिले, तर आडोसे करणाऱ्या अधिकाऱ्याला वरच्या साहेबापुढे दाखवायला काहीतरी राहील.

मुले कुरकुर करतील असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. आज आपल्या अंगणात, गच्चीवर मुलांनी मातीचा किल्ला केला असेल तर तो जरा वाकून पाहा. मावळे उघड्यावर, शिवाजी महाराज सिंहासनावर, हळिवाचे हिरवे शेत. वाघ मात्र उघड्यावर नसतो. त्याच्यासाठी त्यांनी, कुणी न सांगता, दगड आडवे लावून एक गुहा केलेली असते, आणि वाघ तिच्यात असा आत ठेवलेला असतो, की खाली बसून, मान वाकडी करून पाहिल्याशिवाय दिसू नये.